ग्रेड दोन म्हणजे दुसरी स्टेज नव्हे : सेंट्रल न्यूरोसायटोमा नावाच्या गाठीबद्दल

सिन्नरजवळच्या एका गावातून एका भावाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "बहीण २६ वर्षांची आहे. दोन-तीन महिने सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं, उलटी व्हायची. पित्त समजून गोळ्या चालू होत्या. मग नजर अंधुक झाली म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी त्याच दिवशी एमआरआय करायला लावला. एमआरआयच्या कागदावर गाठीची तीन नावं होती आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. नाशिकला ऑपरेशन झालं. ऑपरेशन चालू असताना तुकडा तपासला तेव्हा चौथंच नाव सांगितलं. बारा दिवसांनी रिपोर्ट आला : सेंट्रल न्यूरोसायटोमा, सीएनएस डब्ल्यूएचओ ग्रेड २, केआय-६७ सुमारे १ टक्का. नातेवाईक म्हणतात हा दुसऱ्या स्टेजचा कॅन्सर आहे. खरं काय? एवढी नावं का बदलली? आणि आता रेडिएशन द्यायचं का?"

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तिला नाव देणारा. ऑपरेशन करणारे वेगळे, स्कॅन वाचणारे वेगळे. माझ्यापर्यंत पेशंट येतो तो फॉर्मेलिनच्या बाटलीतून, आणि गेल्या तीस वर्षांत ज्यांच्या रिपोर्टवर सह्या केल्या त्यांतल्या बहुतेकांचा चेहरा मी पाहिलेला नाही. त्यामुळे बहिणीची तब्येत कशी आहे हे तिचे न्यूरोसर्जनच सांगतील. पण तुमचे प्रश्न मुळात एका नावाचे आणि दोन आकड्यांचे आहेत, आणि नावं-आकडे आमच्याच टेबलावर ठरतात.

आधी नातेवाइकांची स्टेज निकालात काढू. स्टेज म्हणजे रोग मूळ जागेपासून किती लांब गेला त्याचं माप. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठ केवढी, मानेतल्या-काखेतल्या ग्रंथींत उतरली का, फुप्फुसात-यकृतात पोहोचली का, हे बघून स्टेज लावतात. मेंदूत उगवलेल्या गाठी डोक्याबाहेर सहसा जात नाहीत, म्हणून त्यांतल्या बहुतेकांना ही पट्टी लावतच नाहीत. त्यांना ग्रेड असतो, आणि ग्रेड म्हणजे प्रत. लासलगावला लिलावात ट्रॉली उभी राहिली की व्यापारी कांदा हातात घेऊन प्रत ठरवतो. तो कांदा पुढे मुंबईला गेला की परदेशात, याचा त्या प्रतीशी संबंध नाही. गाठीचंही तसंच. १ म्हणजे सर्वांत संथ, ४ म्हणजे सर्वांत आडदांड. तुमच्या बहिणीची प्रत दुसरी आहे, मुक्काम दुसरा नव्हे. "आज दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी, मग चौथी" ही जी पायऱ्यांची भीती घरात बसली असेल ती या गाठीला लागू पडत नाही. सेंट्रल न्यूरोसायटोमा पुढे जाऊन उग्र झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या फार थोड्या.

रिपोर्टवर ग्रेडच्या आधी 'सीएनएस', म्हणजे मध्यवर्ती मज्जासंस्था, असं का लिहिलंय, असंही कुणी विचारेल. ते २०२१ पासून आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती त्या वर्षी निघाली. मेंदूतल्या गाठींचा ग्रेड इतर अवयवांसारखा मोजला जात नाही हे कळावं म्हणून तो शब्द जोडायला सांगितला. त्याच वेळी रोमन आकडेही बंद केले. आधी आम्ही दोन उभ्या रेघा काढायचो आणि टायपिंगमध्ये एक रेघ जास्त पडली की पेशंटचा ग्रेड दोनचा तीन व्हायचा. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण बरं झालं.

आता गाठ बसते कुठे ते पाहू, कारण या गाठीच्या बाबतीत अर्धी ओळख पत्त्यातच आहे.

मेंदूच्या आत पाण्याच्या चार पोकळ्या असतात. वर उजवीकडे एक, डावीकडे एक, या दोन मोठ्या. मध्ये खाली तिसरी, मागे चौथी. हे पाणी रोज साधारण अर्धा लिटर तयार होतं आणि एका वेळी डोकं आणि मणका मिळून असतं जेमतेम दीडशे मिलिलिटर. म्हणजे दिवसातून तीनदा तरी सगळं पाणी बदलतं. दोन्ही मोठ्या पोकळ्यांतलं पाणी तिसरीत उतरतं ते एका बारीक तोंडातून. एडिंबराच्या अलेक्झांडर मन्रो या शरीरशास्त्रज्ञावरून त्याला मन्रोचं छिद्र म्हणतात. सेंट्रल न्यूरोसायटोमा नेमकी या तोंडाशी, दोन मोठ्या पोकळ्यांमधल्या पातळ पडद्याला धरून वाढते. पाटाच्या चारीच्या तोंडाशी काडीकचरा अडकला तर पाटात पाणी कमी नसतं, चारीही फुटलेली नसते, तरी मागे तुंबतं. तसंच इथे. गाठ स्वतः संथ असली तरी मागे पाणी वाढत राहतं आणि कवटीत फुगायला जागा नसते.

म्हणून लक्षणं सगळी दाबाची. रात्रभर आडवं झोपल्यावर डोक्यातला दाब सकाळी जास्त असतो, म्हणून दुखणं पहाटेचं. उलटी झाल्यावर जरा हलकं वाटतं, म्हणून पित्ताची शंका. आपल्याकडे पित्त हे इतकं सोयीचं निदान आहे की डोक्यातली गाठसुद्धा त्यात महिना-दोन महिने खपून जाते. कुणाला दोष देत नाही. सकाळी डोकं दुखून उलटी झालेल्या शंभर जणांत गाठ एखाद्याचीही नसते. पण दुखणं रोज सकाळचंच असेल, आठवड्यागणिक वाढत असेल आणि जोडीला दिसायला कमी झालं असेल, तर पित्ताचा विचार सोडावा. तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आतली नस पाहिली असणार. दाब वाढला की तिथे सूज दिसते. त्या बाईंनी किंवा बुवांनी त्याच दिवशी एमआरआयला धाडलं यासाठी त्यांचे आभार जरूर माना. पाणी पूर्ण अडलं की माणूस तासाभरात गुंगीत जाऊ शकतो. सौम्य ग्रेडच्या या गाठीने अचानक जीव गेल्याच्या ज्या नोंदी आहेत त्या तुंबलेल्या पाण्यामुळे किंवा गाठीत एकाएकी रक्तस्राव झाल्यामुळे.

गाठ विशी ते चाळिशीतल्या लोकांची, बाई-पुरुष असा मोठा फरक नाही. मेंदूच्या हजार गाठींत एक ते पाच. घराण्यातून येणारी नव्हे, त्यामुळे तुमचं किंवा तुमच्या मुलांचं स्कॅन करायची गरज नाही.

एमआरआयवर ती बुडबुड्यांनी भरलेली दिसते. पुस्तकी शब्द साबणाच्या फेसासारखी. आमचे एक रेडिओलॉजिस्ट मित्र दिंडोरीकडचे, ते तिला द्राक्षाचा घड म्हणतात. मला ते पटत नाही. चांगल्या घडातले मणी सारखे असतात आणि इथले बुडबुडे लहानमोठे, साबणाचा फेसच तो. सीटीवर जवळपास निम्म्या गाठींत चुन्याचे पांढरे कण दिसतात. एमआरआयमध्येच रसायनांचा आलेख काढायची सोय असते, त्यात ग्लायसिन नावाच्या रसायनाचं टोक वर आलं तर या गाठीचा संशय बळावतो. तरीही रेडिओलॉजिस्टनं तीन नावं लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्हं टाकली. लोकांना वाटतं त्यांना कळलं नाही. माझ्या मते ते प्रामाणिक काम होतं. स्कॅन पत्ता सांगतो, आत कोण राहतं ते सांगत नाही, आणि या पत्त्यावर भाडेकरू बरेच.

एपेन्डायमोमा ही पोकळीच्या अस्तरातून येते. सबएपेन्डायमोमा बहुधा पन्नाशीनंतर दिसते, डाय दिल्यावर फारशी उजळत नाही, आणि कित्येकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडते. ट्यूबरस स्क्लेरोसिस असलेल्या मुलांत, म्हणजे ज्यांच्या चेहऱ्यावर बारीक पुळ्या असतात आणि लहानपणापासून फिट येतात, त्यांच्यात याच छिद्राशी एक वेगळी मोठ्या पेशींची गाठ होते. तिला एव्हरोलिमस नावाच्या गोळ्या लागू पडतात, त्यामुळे ती ओळखणं फार फायद्याचं. मेनिंजिओमा आणि पाणी बनवणाऱ्या जाळीची गाठ याही पोकळीत होतात, पण त्यांची आवडती जागा जरा मागची. आणि ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा. ती खरं तर मेंदूच्या गरात वाढते, पोकळीत क्वचित डोकावते. पण हिच्याशी आमचं जुनं भांडण आहे, त्याकडे येतोच.

ऑपरेशनच्या मध्यात जो तुकडा येतो तो मुगाच्या दाण्याएवढा. तो दोन काचांमध्ये चिरडायचा, पसरायचा, रंग चढवायचा आणि पंधरा-वीस मिनिटांत थिएटरला फोन करायचा. याला आम्ही स्क्वॅश म्हणतो. पलीकडे सर्जन हातमोजे घालून उभे असतात. त्यांना त्या क्षणी नाव नको असतं, निर्णय हवा असतो : ही काढण्याजोगी गाठ आहे, की लिम्फोमासारखं (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) काहीतरी आहे जिथे काढण्यापेक्षा थांबणं बरं? न्यूरोसायटोमाच्या पेशी स्क्वॅशमध्ये गोल, एकसारख्या, मध्ये बारीक केशवाहिन्या. ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमाच्याही तशाच. म्हणून माझ्यासारखा माणूस फोनवर "ऑलिगोसारखं दिसतंय, पुढे चला" असं म्हणतो. त्यातलं "पुढे चला" महत्त्वाचं होतं आणि "ऑलिगो" तात्पुरतं. थिएटरबाहेर ताटकळणाऱ्या माणसांपर्यंत मात्र नेमका "ऑलिगो" हाच शब्द पोहोचतो. तुमचं चौथं नाव तिथून आलं असावं.

मग बारा दिवस. उरलेला ऊतक फॉर्मेलिनमध्ये मुरतो, मेणात बसतो, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात जे दिसतं ते आजही मला सुंदर वाटतं, हे पेशंटच्या भावाला सांगावं की नाही कळत नाही. पेशी एका साच्यातून काढल्यासारख्या. प्रत्येकीचं केंद्रक गोल, आतला मजकूर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखा बारीक ठिपक्यांचा, भोवती रिकामं वलय. मधूनमधून पेशी नसलेले, तलम तंतूंचे गुलाबी पट्टे. केशवाहिन्यांची जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेसारखी. आता ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमाचं वर्णन करा म्हटलं तर तंतूंचे पट्टे सोडून मी हीच वाक्यं पुन्हा म्हणेन.

१९८२ पर्यंत सगळं जग हीच चूक करत होतं. पोकळीतल्या या गाठींना कोणी पोकळीतला ऑलिगो म्हणायचं, कोणी मन्रोच्या छिद्राचा एपेन्डायमोमा. त्या वर्षी फ्रान्समध्ये मार्सेयच्या हासून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दोन पेशंटच्या गाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. त्यांना पेशींच्या शेपट्यांमध्ये बारीक नळ्या, रसायनांच्या पुड्या आणि दोन पेशींच्या जोडणीची टोकं दिसली. असलं सामान चेतापेशीकडेच असतं, आधार देणाऱ्या ग्लिअल पेशींकडे नसतं. म्हणजे ही ग्लिअल गाठच नव्हे, न्यूरॉनची गाठ. म्हणून न्यूरोसायटोमा, आणि मेंदूच्या मध्यावरच्या पोकळीत म्हणून सेंट्रल. अवघ्या दोन पेशंटवरून निघालेलं नाव आणि चाळीस वर्षांनंतरही ते टिकून आहे. पिकलेली चेतापेशी विभागत नाही हे आपण शाळेत शिकतो, मग तिची गाठ कशी होईल? पोकळीच्या भिंतीलगत कच्च्या पेशींचा एक थर मोठेपणीही शिल्लक असतो. ही गाठ तिथल्या, चेतापेशी होण्याच्या वाटेवर असलेल्या पेशींची मानतात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आमच्याकडे कधीच नव्हता. नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये माझ्याजवळ होतं ते साधं सूक्ष्मदर्शक आणि दोन रंग. त्या काळात मी एका तरुणाची पोकळीतली गाठ ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा म्हणून सही केली. त्या सहीवर त्याला पूर्ण रेडिएशन मिळालं. बऱ्याच वर्षांनी तो विम्याच्या का कशाच्या कागदांसाठी आला, ठणठणीत. मला ते ठणठणीतपण खटकलं. त्याच्या गाठीचा जुना मेणाचा ब्लॉक शोधून काढला, नवा काप घेतला, सिनॅप्टोफायसिनचा, म्हणजे चेतापेशीची खूण दाखवणारा रंग केला, आणि सबंध काच तपकिरी. न्यूरोसायटोमाच होता. त्याला मी स्वतः बोलावून सांगितलं. तो हसला, म्हणाला, "साहेब, जगलो ना." मला त्या उत्तरानं हलकं वाटलं नाही. तेव्हापासून छिद्राशी बसलेली, ऑलिगोसारखी दिसणारी गाठ आली की मी रंग झाल्याशिवाय सही करत नाही, सर्जन कितीही फोन करोत. तुमचे बारा दिवस कुणीतरी असेच खर्च केले असतील.

हे रंग म्हणजे खरं तर अँटिबॉडी. त्या विशिष्ट प्रथिनाला चिकटतात आणि तिथे तपकिरी डाग उठतो. आम्ही त्याला आयएचसी म्हणतो. तुमच्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर त्यांची यादी असेल. सिनॅप्टोफायसिन हे चेतापेशींच्या जोडणीतलं प्रथिन. न्यूरोसायटोमात ते भरभरून येतं, विशेषतः त्या तंतूंच्या पट्ट्यांत. 'न्यू-एन' (NeuN) हा रंग पिकलेल्या चेतापेशीच्या केंद्रकाचा, तोही बऱ्याचदा येतो. जीएफएपी ग्लिअल पेशींचा. तो गाठीच्या पेशींत बहुधा येत नाही, मध्ये अडकलेल्या दोन-चार पेशी तेवढ्या रंगतात. इथे नवख्यांची एक फसगत होते. निरोगी मेंदूतही सिनॅप्टोफायसिन भरपूर असतं. ग्लायोमा, म्हणजे ग्लिअल पेशींची गाठ, मेंदूच्या गरात शिरलेला असेल तर पार्श्वभूमी तपकिरी होते आणि वाटतं गाठच रंगली. म्हणून रंग कोणत्या पेशीचा आणि कोणत्या शेजाराचा, हे डोळे ताणून पाहावं लागतं.

ऑलिगोला बाहेर काढायला आता पक्का पुरावा आहे. २०१६ पासून ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा म्हणायचं तर दोन जनुकीय खुणा एकत्र लागतात : आयडीएच जनुकातला बदल, आणि पहिल्या व एकोणिसाव्या गुणसूत्राचे ठराविक हात एकदम गळलेले. तुमच्या रिपोर्टवर 'आयडीएच१ निगेटिव्ह' लिहिलं असेल तर ते याच भांडणाच्या निकालासाठी. 'निगेटिव्ह' हा शब्द वाचून घाबरलेले लोक मी पाहिलेत. इथे तो आपल्या बाजूचा साक्षीदार आहे.

वर्गीकरणात या गाठीचं घर कोणतं? जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी १९७९ ची, त्यात हे नावच नव्हतं. असणार कुठून, शोध पुढचा. १९९३ च्या यादीत ती आली आणि तिला ग्रेड १ मिळाला. मग काही गाठी पुन्हा उगवतात हे दिसू लागलं, म्हणून २००० मध्ये ग्रेड २ झाला, तो आजतागायत. म्हणजे तुमच्या बहिणीचीच गाठ १९९५ साली निघाली असती तर कागदावर १ आला असता. गाठ तीच, फक्त आपण तिला जास्त वर्षं पाहिलं.

२०२१ च्या यादीत ती ग्लायोन्यूरॉनल आणि न्यूरॉनल गाठींच्या कुटुंबात आहे. त्या कुटुंबात पुष्कळ मंडळी आहेत, मुलांत फिट आणणारी गँग्लिओग्लायोमा त्यांतली जास्त भेटणारी. हिच्या सख्ख्या म्हणाव्यात अशा दोन. एक, पोकळीबाहेरचा न्यूरोसायटोमा, म्हणजे एक्स्ट्राव्हेन्ट्रिक्युलर. दिसायला तशीच, पण मेंदूच्या गरात. २००७ मध्ये तिला स्वतंत्र नाव दिलं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, जागा बदलली म्हणून नाव कशाला? पुढे कळलं की तिच्यातल्या अनेक गाठींत एफजीएफआर१ आणि टीएसीसी१ ही दोन जनुकं जोडली गेलेली असतात आणि सेंट्रलमध्ये ती खूण दिसत नाही. पत्ता वेगळा होता तशी जातही वेगळी निघाली. दुसरी, लहान मेंदूतली लायपोन्यूरोसायटोमा, जिच्या पेशींत चरबीसारखे थेंब भरतात. ती मोठ्या माणसांत होते. दोन्हींचा ग्रेड २ च. अगदीच गोंधळ उडाला तर डीएनएवरच्या मिथाइल खुणांचा नकाशा काढतात, त्यात सेंट्रल न्यूरोसायटोमाचा ठसा वेगळा उमटतो. पण ही तपासणी मोजक्या ठिकाणी होते, खर्चिक आहे, आणि जागा, रूप आणि रंग तिन्ही एकच सांगत असतील तर तिची गरज नाही. मागेल त्याला करून द्यावी अशी ती तपासणी नव्हे, असं माझं मत.

आता केआय-६७. शंभर पेशींतल्या किती विभागणीच्या तयारीत आहेत, त्याचा हा अंदाज. या गाठीत तो बहुधा २ टक्क्यांच्या खाली असतो. दोन-तीन टक्क्यांच्या वर गेला तर गाठ परत येण्याची शक्यता जास्त असते, आणि अशा गाठीला बरेच डॉक्टर 'अटिपिकल' म्हणतात. तो व्यवहारातला शब्द आहे. अधिकृत यादीत तिचा वेगळा ग्रेड नाही, तीही २ च. पण या आकड्यावर हवाला ठेवताना तो मोजतात कसा हेही माहीत असू द्या. आम्ही काचेवरची सर्वांत गर्दीची जागा शोधतो आणि तपकिरी केंद्रकं मोजतो. मी १ म्हणेन, तिथेच दुसरा ३ म्हणेल, आणि दोघांनाही खोटं म्हणता येणार नाही. म्हणून मी नुसत्या आकड्याबरोबर पेशींत विभागणीची चित्रं दिसतात का, काही भाग मेलेला आहे का, वाहिन्या फुगून वाढल्यात का, हेही लिहितो. तुमच्या रिपोर्टमध्ये या तीन गोष्टींपुढे 'दिसले नाही' असं असेल तर त्या १ टक्क्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

कॅन्सर आहे का, याचं उत्तर हो-नाहीत मागाल तर ते थोडं अडचणीचं. लोक ज्याला कॅन्सर म्हणतात, म्हणजे अंगभर पसरणारा आणि वर्षा-दोन वर्षांत माणूस नेणारा, तसा हा नव्हे. अगदी निरुपद्रवी गोळा, काढला की विसरून जा, असाही नव्हे. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण बहुतेक नोंदींमध्ये ८०-९० टक्क्यांच्या घरात किंवा त्याहून वर येतं, आणि तिथे सर्वांत मोठा फरक पाडते ती गाठ किती निघाली ही गोष्ट.

म्हणून रेडिएशनचा प्रश्न मी उलटा करतो : ऑपरेशननंतरचा एमआरआय झालाय का, आणि त्यात काय उरलंय? तो शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत करतात, कारण नंतर जखमेची सूज आणि उरलेली गाठ सारखीच उजळते. गाठ पूर्ण निघाली असेल आणि केआय-६७ एक टक्का असेल, तर बहुतेक डॉक्टर रेडिएशन देत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. थोडी उरली असेल तर दोन वाटा : वाढते का ते पाहत राहणं, किंवा नेमक्या तेवढ्याच जागेवर किरणांचा मारा, ज्याला रेडिओसर्जरी म्हणतात. उरलेली गाठ आणि चढा केआय-६७ असे दोन्ही असतील तर रेडिएशनकडे कल जास्त. केमोथेरपीची या गाठीत सुरुवातीला तरी जागा नाही. हा निर्णय सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर मिळून घेतील. माझ्या कागदावरून एकट्याने घेऊ नये. एमआरआयची पाळी मात्र कंटाळून सोडू नका. ही गाठ परत आलीच तर पुष्कळदा उशिरा येते, तेव्हा "पाच वर्षं झाली, आता कशाला" हे इथे चालत नाही.

आणि बहिणीला हल्ली काल-परवाचं आठवत नसेल तर तिच्यावर चिडू नका. गाठीच्या अगदी शेजारून स्मरणाची एक दोरी जाते, ऑपरेशनमध्ये ती दुखावते. अनेकांत ते काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं. डोकं पुन्हा सकाळचं दुखू लागलं किंवा ती दिवसा जास्त झोपू लागली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पाणी पुन्हा अडलंय का ते त्याच दिवशी बघायला हवं.

दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, माझ्यासारख्यांना त्याचा राग येत नाही. दुर्मिळ गाठीत मीही स्वतःहून काचा पुढे पाठवतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलला जाणार असाल तर नुसता रिपोर्ट नेऊन भागणार नाही. लॅबमधून काचा आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, रंग केलेल्या काचाही घ्या. अर्ज दिला की सही घेऊन देतात. एमआरआयची सीडी आणि ऑपरेशनची नोंद बरोबर असू द्या, कारण पत्ता कळल्याशिवाय पलीकडचा पॅथॉलॉजिस्टही त्याच ऑलिगोच्या फेऱ्यात अडकेल. ब्लॉकवरचा आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे ना ते काउंटरवरच जुळवून पाहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. ब्लॉक मेणाचा असतो, साठेक अंशाला वितळतो. उन्हाळ्यात गाडीनं निघालात तर तो डॅशबोर्डवर ठेवू नका. कसारा घाट उतरेपर्यंत त्याचं पाणी झालेलं मी एकदा पाहिलंय.